वाकताना सोड, उठताना घे

मार्च लागला की माझ्या घरात दोन वास एकदम येतात. एक भिजत घातलेल्या गव्हाचा आणि दुसरा परीक्षेचा. परीक्षेला कुठे वास असतो, असं माझे यजमान म्हणतात. ते आयुष्यभर पहिल्या फटक्यात पास होत गेलेले गृहस्थ, त्यांना तो येणार कसा? नव्या कंपासपेटीचा पत्रा, सांडलेली शाई, हातात चुरगळलेला रुमाल आणि वाळ्याच्या ताटीवर मारलेलं पहिलं पाणी, हे सगळं एकत्र केलं की तो होतो. गव्हाचा वास मात्र तिसऱ्या दिवशी कोणालाच चुकवता येत नाही. आंबूस, कोंदट, थोडा दुधाचा. दारातून आत येणारा प्रत्येक जण नाक वर करतो आणि म्हणतो, "कुरडया का?"

यंदा माझी मंजू दहावीला आहे. आणि माझी आई, वय वर्षं सत्तर, नागपुरातल्याच सक्करदऱ्याहून सायकलरिक्षात बसून आमच्या हुडकेश्वरच्या नव्या घरी आली आहे, कारण माझ्या हातच्या कुरडया फुलत नाहीत. कढईत टाकल्या की त्या माझ्यासारख्याच बसून राहतात, रुंद आणि जागच्या न हलणाऱ्या. आईने आल्याबरोबर पातेल्यात हात घातला, मी काल काढून ठेवलेला गव्हाचा पांढरा चीक बोटावर घेऊन बघितला. आणि मग दर वर्षी म्हणते ते वाक्य म्हणाली.

"त्या वर्षीच बाईंले डॉक्टरनीकडे नेलं असतं तर, वं."

बाई म्हणजे माझी मोठी काकू, आईची थोरली जाऊ. आम्ही मुलं तिला मोठीआई म्हणायचो. तिला जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं कुरडयांच्या दिवशी आई हे वाक्य म्हणते, आणि बारा वर्षं मी तेवढ्यात उठून काहीतरी काम काढते. कधी दूध उतू जातं, कधी दारात कोणी आल्यासारखं वाटतं. यंदा दूध फ्रिजमध्ये होतं आणि दारात कोणी नव्हतं. तरी मी उठलेच.

ते 'त्या वर्षी' म्हणजे माझं मॅट्रिकचं वर्ष. माझं मॅट्रिकचं दुसरं वर्ष, असं म्हणायला हवं. पहिल्या वर्षी मी गणितात आपटले होते.

त्या आपटण्याची थोडी पूर्वपीठिका आहे. शाळेत कवायतीच्या तासाला बाई म्हणायच्या, "ज्यांना अडचण असेल त्यांनी झाडाखाली बसा." त्या कडुनिंबाच्या सावलीवर माझा फार जीव. मला महिन्यातून दोनदा, एखाद्या गरम महिन्यात तीनदासुद्धा अडचण यायची. एकदा बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "तुझं कॅलेंडर कोणत्या देशाचं आहे गं?" सगळ्या मुली हसल्या, मीही हसले. पण खरी अडचण यायची तेव्हा हसू कुठल्या कुठे पळायचं. कंबरेत कोणीतरी ओली दोरी पिळतंय असं वाटायचं. मांड्या थंड पडायच्या, ओठ पांढरे व्हायचे. मॅट्रिकच्या गणिताच्या पेपराला नेमका तोच दिवस आला. दुसरं गणित सोडवताना अक्षरं पोहायला लागली, आणि मी बाकावरच आडवी झाले. पर्यवेक्षक म्हणाले, "पेपर कठीण गेला की मुलींना हे असं होतं." मला पाणी दिलं, पेपर काढून घेतला. माझ्या वर्गातल्या मुलींनीसुद्धा फार आश्चर्य दाखवलं नाही. कडुनिंबाखालची माझी कीर्ती त्यांना माहीत होती.

निकाल लागला त्या दिवशी बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "एक साल अजून बसू. नाहीच झालं तं उमरेडचे पाव्हणे विचारून राहिले आहेत." उमरेडचे पाहुणे चांगले लोक होते. मुलगाही वाईट नव्हता, फक्त माझं शिक्षण तिथे संपत होतं. मला शिकून काय करायचं होतं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण आपल्याला एक दार बंद होताना ऐकू येतं, मग त्या दारातून आपण कधी गेलो असतो की नाही हा प्रश्न उरत नाही.

दुसऱ्या वर्षी वेळापत्रक लागलं, आणि मी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. गणिताचा पेपर पुन्हा अडचणीच्या दुसऱ्याच दिवशी येत होता. माझं शरीर इतर कुठल्याच बाबतीत वक्तशीर नव्हतं.

आमच्या घरी बाहेर बसणं कडक होतं. घराच्या मागे टिनाची सपरी होती. म्हणजे तीन बाजूंनी भिंत, पुढे मोकळं, समोर विहीर आणि शेवग्याचं झाड. चार दिवस तिथे एक गोणपाट, एक घोंगडी, एक जर्मनचं ताट आणि एक तांब्या. कोणी शिवायचं नाही. आई ताट दुरून सरकवायची. मार्चमधलं टिन दुपारी बाराला असं तापायचं की शेवग्याची शेंगसुद्धा वरून पडताना विचार करत असावी. त्या सपरीत मी पोट धरून, गुडघे छातीशी घेऊन, बीजगणिताचं पुस्तक समोर ठेवून बसायची. वेदना आली की श्वास धरून ठेवायची. दात आवळून. मला वाटायचं श्वास धरला की दुखणंही जागच्या जागी राहील, पुढे जाणार नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आईने गहू भिजत घातले होते.

कुरडयांमध्ये सगळ्यात जड काम चीक हाटण्याचं. मोठ्या गंजात पाणी उकळायचं, चीक ओतायचा आणि लाकडी दांड्याने हाटत राहायचं. हात थांबला की गाठी, हात थांबला की खाली लागलं. ते काम मोठीआईचं. मोठे बाबा कुहीला शेती सांभाळत. मोठीआई अर्धं वर्ष तिथे आणि अर्धं वर्ष आमच्याकडे. दोन वर्षांपूर्वी तिचं थांबलं होतं, आणि थांबल्यापासून ती घरातली सगळ्यात मोकळी बाई झाली होती. देवघर तिचं, लोणचं तिचं, चीक तिचा. आईला ते फार सोयीचं होतं. "बाईंचा हात बारा महिने चालू," ती शेजारणींना सांगायची, नवं शिलाई मशीन घेतल्यासारखी.

मी बाहेर बसले त्या सकाळी मोठीआई विहिरीवर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या आवळलेल्या मुठींकडे पाहिलं. आणि आत निघून गेली. तासाभराने स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"बाई! काय बोलून राहिल्या तुम्ही? तीन दिवस गहू भिजले! चीक आंबून राहिला!"

"मंग मी काय करू वं? आलं तं आलं. मी बोलावलं काय?"

"दोन वर्सं झाली नं तुमचं थांबून!"

"त्याले विचार. मले काहून विचारते?"

आणि हातात घोंगडी घेऊन मोठीआई सपरीत आली. माझ्या शेजारी घोंगडी पसरली, पदर सोडला, आणि अगदी गावच्या एसटीत जागा मिळाल्यासारखी ऐसपैस बसली. आत आई भांडी आपटत होती. मला वाटलं, बिचारी मोठीआई, या वयात पुन्हा.

मग ती सरकली आणि तिने माझ्या कंबरेवर हात ठेवला. त्या चार दिवसांत कोणीच लावत नाही तो हात. कामाने खरखरीत झालेला, पण कोमट.

"श्वास काहून धरून ठेवला वं? सोड."

"दुखते."

"म्हणूनच सोड. धरला का दुखणं पक्कं होते."

मोठीआईने मला जे शिकवलं त्याला तिच्याकडे काही नाव नव्हतं. कुहीला धानाच्या रोवणीत बाया दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, लावतात. तिथे कोणाची अडचण असो की नसो, कोणी बाहेर बसत नाही. पाऊस थांबत नाही, परे थांबत नाहीत. मग त्या बायांनीच काहीतरी काढलं होतं. दुखणारी बाई बांधावर यायची, इतर बाया तिच्या ओळीतलं लावून घ्यायच्या, आणि ती बांधावर आपलं अंग हळूहळू मोकळं करायची. एकमेकींचं बघून शिकलेलं. सासूने नाही शिकवलं, आईने नाही, शेजारच्या ओळीतल्या बाईने.

आधी तिने मला गुडघ्यावर बसवलं, समोर घडी केलेली घोंगडी ठेवली, आणि पुढे वाकून कपाळ तिच्यावर टेकायला लावलं. "पाण्यात परा वाकते तसं. मोडायचं नाही, वाकायचं." मग हात आणि गुडघे टेकून पाठ वर करायची, मग सैल सोडून खाली. "गाय उठते तवा पाठ कशी तानते, पाह्यलं का? घाई करते का गाय?" मग पाय जुळवून तळवे एकमेकांना लावायचे, बोटं धरायची आणि गुडघे हळू खाली सोडायचे. जोर लावला की माझ्या मांडीवर टपली. "कुस्ती आहे का वं? जेवढं जाते तेवढं जाऊ दे." आणि शेवटी मांडी घालून बसल्या जागी कंबरेतून गोल फिरायचं, जातं फिरतं तसं, पण पीठ बारीक पाडायची घाई नसलेलं. दुखलं की थांबायचं. दमलं की आडवं व्हायचं. त्या दिवसांत अंगाला कामाला लावायचं नसतं, विचारायचं असतं, असं ती म्हणाली.

आणि या सगळ्यात एकच नियम. "वाकताना सोड, उठताना घे." रोवणीत परा चिखलात खोवताना श्वास सोडायचा आणि वर येताना घ्यायचा. दिवसभर असं केलं तर संध्याकाळी माणूस घरी चालत जातं, नाही केलं तर उचलून न्यावं लागतं.

मी जात्यासारखी फिरत होते आणि मोठीआई विहिरीवर फडकी धूत होती. दुपारी दोरीवर माझी आणि तिची फडकी शेजारी शेजारी वाळत होती. मी गणित सोडवायचं सोडून ती बघत बसले. माझ्या फडक्यांवर कितीही धुतलं तरी राहतात तसे पिवळट डाग होते. तिची कोरी होती. जुन्या लुगड्याच्या नुसत्या फाडलेल्या पट्ट्या, नुसत्या पाण्यात बुडवलेल्या.

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली.

"मले काय होते आता. दोन वर्सं झाली."

"मग खोटं काहून बोलली?"

"तुले हात लावाले," ती म्हणाली. "आतून हात लावता येते का? बाहेरचीले बाहेरचीच हात लावते." आणि मग, जरा पुढे वाकून, "कोणाले सांगजो नको. तुह्या आईचा चीक वाया गेला, ते मले जिती नाही ठेवत."

गणिताच्या पेपराला मी सपरीतूनच परस्पर निघाले. आईने रिक्षावाल्याच्या सीटवर गोणपाट अंथरलं. रिक्षावाला म्हणाला, "बाई, सीट साफ आहे." आई म्हणाली, "मले ठाऊक आहे तुह्यी सीट." त्या गोणपाटावर बसून मी महाल भागातल्या केंद्रावर गेले. तिसऱ्या गणिताला दोरी पिळायला सुरुवात झाली. मी लेखणी ठेवली, डोळे मिटले आणि बाकावर बसल्या बसल्या कंबरेतून हळूहळू फिरायला लागले. पर्यवेक्षक धावत आले.

"काय चाललंय? मागे काय बघते?"

"सर, अडचण. पाठ दुखते," मी म्हटलं.

ते दोन पावलं मागे सरकले आणि मग पेपर संपेपर्यंत त्यांनी माझ्या रांगेकडे पाहिलंच नाही. माझ्या पुढच्या मुलीने त्याचा फायदा घेतला, तो वेगळा विषय. मी प्रत्येक गणिताला वाकताना सोडत गेले. पास व्हायला पस्तीस लागत होते, मला सदतीस मिळाले. उमरेडच्या पाहुण्यांना बाबांनी नम्रपणे नाही कळवलं. मी पुढे कॉलेजात गेले, बी. ए. झाले, आणि लग्न होऊन अमरावतीला गेले. आमच्या घराण्यातली पहिली मॅट्रिक आणि पहिली बी. ए. मुलगी मी, सदतीस मार्कांवर.

त्या वर्षीच्या कुरडया आईने एकटीने हाटल्या. गाठी झाल्या. आई मोठीआईला म्हणाली, "बाई, तुम्हाले डॉक्टरनीकडे नेऊ का? असं थांबून येणं बरं नाही म्हणतात." मोठीआईने हात झटकला. पुढच्या महिन्यात काही आलं नाही आणि विषय संपला. आईने मोठीआईला देवघरात मात्र दिवाळीपर्यंत जाऊ दिलं नाही, उगाच शंका नको म्हणून. मोठीआई देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून वाती वळायची. मी बाहेर बसून नव्हते, तरी तिच्याजवळ जाऊन बसायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही, नाहीतर हसू आलं असतं.

हे हसू मी नऊ वर्षं जपून ठेवलं. तिथेच माझी चूक झाली.

नऊ वर्षांनी माझी धाकटी बहीण नंदी मॅट्रिकला बसली. मी अमरावतीला, मंजू तीन वर्षांची, कडेवरून उतरायला तयार नाही. आईचं पोस्टकार्ड आलं. आईची पत्रं नेहमी एका दमात लिहिलेली असायची, पूर्णविराम पोस्टात पडल्यासारखी. "इकडे सर्व ठीक नंदीचा अभ्यास सुरू आहे मोठ्या बाईंचं मागच्यासारखंच परत सुरू झालं आहे नंदीच्या परीक्षेच्या तोंडावर कुरडया यंदाही माझ्याच गळ्यात तू शिकलेली आहेस कळव की डॉक्टरनीकडे न्यावं का बाई म्हणतात नको."

मी ते कार्ड वाचलं आणि हसले. स्वयंपाकघरात उभी राहून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मंजू माझ्याकडे बघून हसायला लागली. मला डोळ्यांसमोर दिसलं, सपरी, शेवगा, मोठीआई घोंगडी पसरून नंदीच्या कंबरेवर हात ठेवून बसलेली, दोरीवर कोऱ्या पट्ट्या. मला वाटलं आता माझी पाळी आहे तिचं गुपित राखायची. मी अगदी मोठ्या बहिणीच्या, बी. ए. झालेल्या बाईच्या अक्षरात लिहिलं, "काळजी करू नको. या वयात असं होतं. मागे थांबलं तसं आपोआप थांबेल. डॉक्टरांची गरज नाही."

ते कार्ड मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

आषाढात मी माहेरी आले. मागच्या दारातून गेले, कारण मला आधी सपरी बघायची होती. दोरीवर फडकी होती. कोरी नव्हती. मी ओल्या अंगणात उभी राहून ती बघत होते. मोठीआई घोंगडीवर आडवी होती. गालांची हाडं वर आली होती. मला बघून उठायला गेली, आणि उठताना श्वास धरला. तिने, जिने मला धरू नको म्हणून शिकवलं.

मी तिच्या शेजारी बसले. "नंदीसाठी ना?" मी हळूच विचारलं. अजूनही हळूच, कोणी ऐकू नये म्हणून.

"नाही वं," ती म्हणाली. "नंदीले कुठं दुखते. तिले तं काहीच होत नाही, घोड्यासारखी पोट्टी. हे खरंच हाय."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं नं. तुह्या आईनं तुले पत्र टाकलं." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तू लिहिलं थांबते. तू शिकलेली, मंग आम्ही निवांत झालो."

चार महिने माझ्या सदतीस मार्कांच्या अक्षरावर ती निवांत राहिली होती.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कोणालाच बोल लावला नाही. एवढंच म्हणाल्या की एकदा थांबलेलं परत आलं तर त्याच आठवड्यात यायला हवं, ते कधीच आपोआप म्हणायचं नसतं. गर्भाशयातला आजार बराच पुढे गेला होता. बाबा बाहेरच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. आई भिंतीकडे बघून म्हणाली, "नऊ वर्सांपासूनचं आहे बाई हे. तवाच पहिल्यांदा आलं होतं. तवाच न्यायला पाह्यजे होतं." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. तिथे मला सांगता आलं असतं. नऊ वर्षांपूर्वी काही आलंच नव्हतं, हे एक वाक्य होतं. ते मी बोलले नाही.

मोठीआई पुढे पाच महिने होती. हॉस्पिटलातून परत आणल्यावर तिने सपरीतच राहायचं म्हटलं, तिथे वारं येतं म्हणून. आईने पहिल्या दिवशी ताट दुरून सरकवलं, सवयीने. दुसऱ्या दिवशी ती आत आली, मोठीआईला उठवून बसवलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि घास भरवला. आंघोळ न करता तशीच स्वयंपाकाला गेली. मी माहेरीच राहिले, रात्रंदिवस मोठीआईच्या पाठीवर हात फिरवायची. वेदना आली की मीच म्हणायची, सोड. ती सोडायची. एकदा म्हणाली, "आता वाकाचंच राह्यलं, उठाचं नाही." मग स्वतःच हसली, कारण मी हसले नाही.

मधली वर्षं अशीच गेली. आम्ही अमरावतीहून नागपूरला परत आलो, हुडकेश्वरला प्लॉट घेतला, घर बांधलं. वस्तीतल्या बायकांनी समाजमंदिरात योगाचा वर्ग सुरू केला. यजमान म्हणाले, "जा, निदान जमिनीवर बसायला तरी शिकशील." मी गेले. जमिनीवर बसायला शिकले, उठायला अजून शिकते आहे. पुण्याहून आलेल्या शिक्षिकाबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, त्या चार दिवसांत उलटं होऊ नका, जोर करू नका, हळू करा, श्वासाकडे लक्ष द्या. आणि मग एकेक दाखवू लागल्या. हे मार्जारासन. हे शशांकासन. हे भद्रासन. मला वाटलं, माझ्या ओळखीच्या गरीब घरच्या मुली एकदम बनारसी शालू नेसून समोर उभ्या राहिल्या. वाकताना श्वास सोडा, बाई म्हणाल्या, वर येताना घ्या. सगळ्या बायका वाकल्या. मी कपाळ सतरंजीला टेकलं ते बराच वेळ उचललंच नाही. शेजारीण म्हणाली, "अडकल्या का वहिनी?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं ते.

तर, यंदाचा मार्च. दूध फ्रिजमध्ये, दारात कोणी नाही. मी उठले आणि मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. तिथे गॅसची शेगडी मांडलेली, गंजात पाणी उकळत होतं. आत मंजू पलंगावर पोट धरून पडली होती. उद्या तिचा भूमितीचा पेपर. आमच्या घरात आता कोणी बाहेर बसत नाही, पण दुखणं काही बाहेर गेलेलं नाही. आई पाठोपाठ आली, तिने चीक ओतला आणि दांडा हातात घेतला. सत्तर वर्षांचे हात, पण गाठ पडू देत नाहीत.

"त्या वर्षीच नेलं असतं तर," ती पुन्हा म्हणाली, गंजाकडे बघत. "माह्यं चुकलं. मीच मनावर नाही घेतलं. मले गव्हाची पडली होती."

मी तिला इतकी वर्षं हे म्हणू दिलं होतं. तिच्या डोक्यावरचं ओझं तिचं नव्हतंच, माझं होतं, आणि ते मी तिला वाहायला दिलं होतं.

"आई," मी म्हटलं, "त्या वर्षी तिला काही आलंच नव्हतं."

दांडा फिरत राहिला. मी सांगितलं. कोऱ्या पट्ट्या, बाहेरचीले बाहेरचीच हात लावते, अमरावतीचं स्वयंपाकघर, माझं हसणं, माझं कार्ड. सांगताना मी श्वास धरत होते हे मला मागाहून कळलं. आईने मध्ये एकदाही थांबवलं नाही. चीक घट्ट होत चालला होता, त्यावर मोठे बुडबुडे येऊन फुटत होते.

मग ती म्हणाली, "म्हणजे ते गहू तिनं उगाच वाया घालवले."

"हो."

"तीन दिवसांचे भिजवलेले."

"हो, आई."

तिच्या तोंडावर काहीतरी आलं, ते हसू होतं की दुसरं काही ते मला सांगता येत नाही. तिने पदराने नाक पुसलं. "अन् मी तिले दिवाळीपर्यंत देवघरात येऊ नाही दिलं," ती म्हणाली. मला वाटलं ती आता मला काहीतरी बोलेल, ज्याची मी बारा वर्षं वाट बघत होते. ती म्हणाली, "तू तवा पोर होती. अन् मंग मोठी झाली, तरी मले नाही सांगितलं." एवढंच. तेवढं मला पुरेल, उरलेल्या आयुष्याला.

आत मंजू कण्हली.

आईने दांडा गंजात तसाच सोडला. चीक हाटताना जिने मला कधी घाम पुसायलाही हात थांबवू दिला नाही, ती माझी आई शेगडी तशीच पेटती ठेवून आत गेली, मंजूच्या पलंगावर बसली आणि तिच्या कंबरेवर हात ठेवला. कुठे ठेवायचा ते तिला बरोबर माहीत होतं. मोठीआईच्या त्या शेवटच्या पाच महिन्यांत ती जागा आम्ही दोघींनी शिकलो होतो.

"ऊठ वं, गुडघ्यावर बस. अशी. आता कपाळ टेक."

"आजी, चीक लागतोय," मंजू म्हणाली. तिचं नाक वर झालं होतं. खरंच, जळका वास सुटला होता.

"लागू दे," आई म्हणाली. "तू श्वास सोड."